भूमिगत आगगाडीचीं ठाणीं

नायगाऱ्याचा जलप्रपात पाहून आलेले आजोबा-आजी आतां आपल्या प्रत्येक आळींत दोन-चार तरी सांपडतात. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेंत, बाळंतपणाचें किंवा नातवाच्या मुंजीचें निमित्त, आणि मग एके दिवशीं मोटारींत बसून नायगारा! धबधब्याखालच्या नौकेंत भिजल्याची हकीकत ऐकून ऐकून आमचे कान किटले आहेत. परंतु त्या धबधब्यापासून थोड्याच अंतरावर, त्याच नदीच्या खोल घळीवर, एके काळीं एक झुलता पूल होता, आणि त्या पुलाचा मध्य ओलांडला कीं अलीकडे जो ‘माल’ होता तो पलीकडे ‘मनुष्य’ होत असे, ही गोष्ट आम्हांस एकाही प्रवाशानें आजवर सांगितली नाहीं. तो पूल इ. स. १८५५ मध्यें पुरा झाला. वरच्या मजल्यावरून आगगाडी व खालच्या मजल्यावरून घोड्यांच्या गाड्या जात. १८९७ त त्याच्या जागीं पोलादी पूल आला. जवळच १८६३ सालची जकातकचेरीची दगडी इमारत उभी आहे व तींत २०१८ पासून या विषयाचें एक संग्रहालय आहे. नायगाऱ्यास जाणाऱ्यांनीं तेथें तासभर काढावा एवढ्यासाठींच हा लेख लिहिण्याचें आम्हीं मनावर घेतलें. लिहूं लागल्यावर विषय बराच वाढला, त्यास आमचा इलाज नाहीं.

अमेरिकेच्या १८६० च्या खानेसुमारींत गुलामांची संख्या ३९ लक्ष ५३ हजारांवर भरली. हे जवळजवळ सर्व लोक दक्षिणेकडील राज्यांत होते. ओहायो नदीच्या उत्तरेकडील मुलखांत गुलामगिरी नसावी असें १७८७ मध्येंच ठरलें होतें. यामुळें ती नदी म्हणजे दोन जगांमधील सीमा झाली. परंतु नदी ओलांडली म्हणजे मनुष्य सुटला, असें मात्र नव्हे. पळालेला गुलाम मुक्त राज्यांतही धन्यास पकडतां येईल, अशी सोय राज्यघटनेंत आणि १७९३ च्या कायद्यांत करून ठेविली होती. निर्भय भूमि म्हणजे कानडा. तेथें ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्यानें १ ऑगस्ट १८३४ पासून गुलामगिरी संपली होती. (याच कायद्यांतून कंपनी सरकारचा हिंदुस्थानांतील मुलूख वगळलेला होता, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. आपल्याकडील कायदा १८४३ चा. आणि ‘आपल्याकडे गुलाम कोठें होते?’ असें विचारणाऱ्यांनीं पेशवेकालीन कागद चाळावे. बटकी आणि कुणबिणी यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी तेथें भेटतील, आणि त्या कोणाच्या घरीं राबत होत्या तेंही समजेल.)

दक्षिणेंतून कानडापर्यंत अशा पळून जाणाऱ्यांना लपविणाऱ्या, जेवूं घालणाऱ्या आणि पुढच्या घरीं पोंचविणाऱ्या माणसांची जी सांखळी होती तिला ‘भूमिगत आगगाडी’ असें नांव पडलें. ती भूमिगतही नव्हती आणि आगगाडीही नव्हती. त्या काळीं आगगाडी हें नवें आश्चर्य होतें, म्हणून शब्द तेथून उचलले. लपण्याचें घर तें ‘ठाणें’, वाट दाखविणारा तो ‘गार्ड’, पैसा पुरविणारा तो ‘भागीदार’. कचेरी नाहीं, वेळापत्रक नाहीं, कोणी एक मुख्य नाहीं. प्रत्येकास फक्त पुढचें घर माहीत असे. त्यापुढचें माहीत नसलेलेंच बरें, कारण जें ठाऊक नाहीं तें चाबकाखालींही सांगतां येत नाहीं.

१८५० सालीं या धंद्यास नवी धार चढली. त्या वर्षीं झालेल्या कायद्याचीं कलमें वाचून आम्ही थक्क झालों. पकडलेल्या इसमास स्वतःची साक्ष देण्याचा अधिकार नाहीं. पंचांपुढें चौकशी नाहीं. आसरा देणारास एक हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. निकाल देणाऱ्या अधिकाऱ्यानें त्या मनुष्यास धन्याच्या हवालीं केलें तर त्यास दहा डॉलर आणि मुक्त केलें तर पांच डॉलर! कायद्याचे पुरस्कर्ते म्हणत कीं पहिल्या निकालास कागदपत्रें अधिक लिहावीं लागतात. आम्हीं चाळीस वर्षें मुलांच्या सबबी ऐकल्या आहेत. ही त्यांपैकींच एक वाटते.

सिन्सिनाटीस आमच्या कन्येकडे तीन महिने राहण्याचा योग आला असतां जांवईबापूंनीं एका रविवारीं मोटार काढिली व आम्हांस सुमारें पन्नास मैलांवरील रिप्ले नांवाच्या गांवीं नेलें. गांव लहान, नदीकाठचें, आपल्या कृष्णाकांठच्या एखाद्या जुन्या पेठेसारखें. मागें उंच टेंकडी आहे व तिच्या माथ्यावर विटांचें एक लहानसें घर. हें जॉन रँकिन या पाद्र्याचें घर. तें १८२० नंतरच्या दहा वर्षांत बांधलें गेलें. रँकिन मूळचा दक्षिणेंतला, टेनेसी राज्यांतला. त्याच्या भावानें व्हर्जिनियांत गुलाम विकत घेतल्याचें ऐकून त्यानें भावास पत्रांमागून पत्रें लिहिलीं. तीं १८२४ मध्यें गांवच्या वृत्तपत्रांत छापलीं गेलीं आणि १८२६ त त्यांचें पुस्तक झालें. विशेष हें कीं, भाऊ ऐकला. आपले गुलाम घेऊन तो ओहायोंत आला आणि त्यांस त्यानें मुक्त केलें. एका भावाच्या पत्रांनीं दुसरा भाऊ सुधारल्याचें उदाहरण आमच्या पाहण्यांत तरी दुसरें नाहीं.

रँकिनला तेरा मुलें होतीं. रात्रीं या घराच्या खिडकींत दिवा लागे व तो नदीपलीकडच्या केंटकी राज्यांतून दिसे. टेंकडीच्या उतारावर सुमारें शंभर पायऱ्यांची वाट आहे. आम्ही ती अर्धी चढून दम घेण्यास बसलों व नदीकडे पाहूं लागलों. पाणी इतकें जवळ आहे कीं पलीकडच्या तीरावरील झाडें मोजतां येतील. या एवढ्याशा पाण्यासाठीं माणसें मेलीं. १८४१ सालीं गुलाम धरणाऱ्यांच्या टोळीनें रात्रीं या घरावर हल्ला केला. पाद्र्याच्या मुलांनीं बंदुकांनीं त्यास उत्तर दिलें. धर्मोपदेशकाच्या घरीं बंदुका असाव्या कीं नसाव्या, हा वाद वाचकांनीं आपसांत करावा.

याच ठिकाणीं १८३८ च्या हिवाळ्यांत एक स्त्री तान्हें मूल पोटाशीं धरून फुटत चाललेल्या बर्फावरून नदी ओलांडून आली. रँकिनच्या मुलांनीं तिला त्याच रात्रीं पुढच्या ठाण्यास पोंचविलें. ही हकीकत सिन्सिनाटीस राहणाऱ्या हॅरिएट बीचर स्टो या बाईंच्या कानीं गेली आणि १८५२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘अंकल टॉम्स केबिन’ या कादंबरींत ती एलिझा नांवानें अजरामर झाली. कादंबरींत एलिझा एकदां नदी ओलांडते. खरी बाई मात्र मागें राहिलेल्या आपल्या मुलांसाठीं पुढें कांहीं वर्षांनीं परत आली, असें रँकिन-कुटुंबाच्या आठवणींत आहे. कादंबरीपेक्षां खरी गोष्ट अधिक धाडसाची निघाल्यास आम्हांस आश्चर्य वाटत नाहीं.

टेंकडीवरचें घर सर्व प्रवासी पाहतात. खालीं नदीकांठच्या रस्त्यावर दुसरें एक घर आहे. तेथें आम्ही तिघेच होतों. तें जॉन पार्कर याचें. पार्कर १८२७ मध्यें व्हर्जिनियांत जन्मला. आई गुलाम, बाप गोरा. आठव्या वर्षीं त्यास विकलें आणि इतर गुलामांबरोबर सांखळीनें बांधून दक्षिणेस चालविलें. मोबील शहरीं तो एका डॉक्टराच्या घरीं पडला व त्या डॉक्टराच्या मुलांनीं त्यास चोरून वाचावयास शिकविलें. पुढें ओतकाम शिकून, मजुरींतून पैसा सांठवून, १८४५ मध्यें १,८०० डॉलर भरून त्यानें स्वतःस विकत घेतलें. ‘स्वतःस विकत घेतलें’ हें वाक्य लिहितांना आमची लेखणी अडखळते. परंतु त्या देशांत तेव्हां तें व्याकरणदृष्ट्या व कायदेदृष्ट्या शुद्ध वाक्य होतें.

रिप्लेस येऊन पार्करनें ओतशाळा काढली. दिवसा लोखंड ओतावें आणि रात्रीं होडी घेऊन केंटकीच्या तीरावर जावें, असा त्याचा क्रम होता. हा भेद वाचकांनीं ध्यानांत घ्यावा. इतर लोक आपल्या घराच्या दारीं आलेल्यास आसरा देत. पार्कर स्वतः जाऊन माणसें आणी. सांपडला असता तर गोऱ्यास दंड झाला असता, यास मृत्यु किंवा पुन्हां गुलामगिरी. एका जोडप्याचा धनी मोठा संशयी होता. तीं पळूं नयेत म्हणून तो त्यांचें तान्हें मूल रोज रात्रीं आपल्या खोलींत पलंगाच्या पायथ्याशीं ठेवी व उशाजवळ पिस्तुलें ठेवून निजे. पार्कर अनवाणी त्या खोलींत शिरला, रांगत पलंगापर्यंत गेला, मूल उचललें, आणि मेणबत्ती कलंडून धनी जागा होतो न होतो तोंच बाहेर पडला. आईबाप वाट पाहत होतीं.

आपण कोणाकोणास पार केलें याची वही पार्कर ठेवीत असे. १८५० चा कायदा होतांच त्यानें ती आपल्याच भट्टींत टाकिली. वही सांपडली असती तर तींतील प्रत्येक नांव पकडलें गेलें असतें. आम्हांस या विषयांत सर्वांत अधिक कशानें चटका लावला असेल तर या जळलेल्या वहीनें. इतिहास लिहिणारास कागद हवा, आणि येथें माणूस वांचावयाचा तर कागद जळावयास हवा. पार्करनें म्हातारपणीं एका वृत्तपत्रकारास आपली हकीकत सांगितली; तें हस्तलिखित विश्वविद्यालयाच्या संग्रहांत पडून राहिलें आणि १९९६ मध्यें, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर ९६ वर्षांनीं, छापलें गेलें.

फिलाडेल्फियाच्या विल्यम स्टिल यानें नेमकें उलट केलें. हाही कृष्णवर्णी, गुलामगिरीविरोधी सभेच्या कचेरींत कारकून. १८५० च्या ऑगस्टांत एक प्रौढ मनुष्य कचेरींत आला. अलाबामा राज्यांत स्वतःचें मोल भरून तो सुटला होता आणि सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं ताटातूट झालेल्या आईबापांचा शोध करीत होता. स्टिलनें रीतीप्रमाणें नांवें विचारिलीं. बापाचें नांव लेव्हिन, आईचें सिडनी. कारकुनाच्या हातांतील लेखणी थांबली. तीं त्याचींच आईबापें होतीं! आई पूर्वीं दोन मुलींस घेऊन पळाली होती. दोन मुलगे निजलेले तसेच सोडून तिला निघावें लागलें होतें. त्यांतला एक समोर उभा होता. विल्यम हा नंतर जन्मलेला, अठरा भावंडांतील शेवटचा. भावाचें तोंड त्यानें तोंवर पाहिलेंच नव्हतें. अशा प्रकारें इतर कुटुंबेंही एकमेकांस शोधूं शकतील म्हणून स्टिलनें येणाऱ्या प्रत्येकाचें नांव, गांव, वय, धन्याचें नांव, मागें राहिलेलीं नातलगें, हें सर्व बारकाईनें लिहून ठेविलें आणि तें बाड युद्ध संपेपर्यंत लपवून सांभाळिलें. १८७२ मध्यें तें ग्रंथरूपानें निघालें. ज्या अरुंद गल्लींतील घरीं तो व त्याची पत्नी राहून पाहुण्यांस आसरा देत तें घर कोणतें, हें संशोधकांनीं २०१८ च्या सुमारास निश्चित केलें. चाळीच्या खोल्यांसारखीं एकास एक लागलेलीं घरें, त्यांतलें एक.

इंडियाना राज्यांत फाउंटन सिटी नांवाचें खेडें आहे. पूर्वीं त्यास न्यूपोर्ट म्हणत. तेथें लीव्हाय कॉफिन या क्वेकर पंथी दुकानदाराचें १८३९ सालचें विटांचें दुमजली घर आहे. माडीवरील निजण्याच्या खोलींत छपराच्या उताराखालीं एक ठेंगणें दार असून आंत अंधारी पोकळी आहे. दारासमोर पलंग सरकविला म्हणजे झालें. प्रवासी तें दार पाहून ‘अहाहा’ करितात. आमचें कुटुंब मात्र तेथें फार वेळ थांबलें नाहीं. तळघराच्या स्वयंपाकघरांत एक आड आहे, घराच्या आंतच; तेथें जाऊन त्या उभ्या राहिल्या व म्हणाल्या, “खरें शहाणपण हें आहे.” त्यांचें म्हणणें असें कीं, घरांत दोन माणसें आणि पाणी पंधरा माणसांचें शेंदलें जात आहे, हें शेजारणींच्या नजरेंतून सुटत नाहीं. आड आंत असल्यामुळें कोणास कांहीं कळत नसे. मार्गदर्शक बाईंनींही हेंच कारण सांगितलें. फक्त त्यांस तें सांगावयास दहा मिनिटें लागलीं.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचक भगिनींस हें विशेष समजेल. कॉफिनला लोक या आगगाडीचा ‘अध्यक्ष’ म्हणत. परंतु मध्यरात्रीं दारावर थाप पडल्यावर चूल पेटविणारी, भिजलेले कपडे वाळविणारी, फाटलेल्यांस टांके घालणारी ती त्याची पत्नी कॅथरिन. अवेळीं आलेल्या दहा-बारा पाहुण्यांचीं पानें मांडावयाचीं, आणि तें करितांना भांड्याचा आवाज रस्त्यावर जाऊं द्यावयाचा नाहीं!

हॅरिएट टबमन हिचें नांव आतां आपल्याकडील शाळकरी मुलांसही ठाऊक आहे. तेव्हां तिच्याविषयीं थोडेंच लिहितों. मेरीलँड राज्यांत सुमारें १८२२ त तिचा जन्म झाला. बकटाउन गांवच्या दुकानांत एका मुकादमानें दुसऱ्यावर फेंकलेलें दोन पौंडांचें वजन तिच्या डोक्यास लागलें आणि जन्मभर तिला मधूनच शुद्ध हरपण्याची व्याधि जडली. १८४९ मध्यें ती पळाली आणि मग पुन्हां पुन्हां परत जाऊन आपल्या माणसांस घेऊन आली. जुन्या चरित्रांत एकोणीस फेऱ्या, तीनशें माणसें आणि तिच्या मस्तकावर चाळीस हजारांचें इनाम, असे आंकडे असतात. अलीकडील संशोधनानें सुमारें तेरा फेऱ्या व सत्तर माणसें असा हिशेब काढिला आहे आणि इनामाची गोष्ट निराधार ठरविली आहे. आंकडे उतरल्यानें कांहींजण नाराज झाले. आम्हांस विचाराल तर तेरा वेळां वाघाच्या गुहेंत जाणें पुरेसें आहे. ती बहुधा हिवाळ्याच्या लांब रात्रीं निवडी आणि शनिवारीं निघे, कारण रविवारीं काम नसे व पळाल्याची जाहिरात सोमवारपूर्वीं छापतां येत नसे. २०२१ मध्यें मेरीलँडच्या दलदलींत पुराणवस्तुसंशोधकांना तिच्या बापाच्या झोंपडीची जागा सांपडली: विटांचे तुकडे, फुटकीं भांडीं आणि १८०८ सालचें एक नाणें. पाणी चढत असल्यामुळें ती जमीन हळूहळू बुडत आहे.

अशा स्थळांची नोंद ठेवण्याकरितां अमेरिकन सरकारनें १९९८ मध्यें कायदा केला व आतांपर्यंत सातशेंहून अधिक स्थळें त्या यादींत आलीं आहेत. परंतु या विषयाभोंवतीं दंतकथांचें रानही माजलें आहे. उत्तरेकडील प्रत्येक जुन्या घराचा मालक आपलें तळघर दाखवून ‘येथें गुलाम लपत’ असें सांगतो; बटाटे ठेवण्याच्या खळग्यास भुयार ठरवितो. गोधड्यांवरील नक्षींतून पळण्याच्या वाटा दर्शविल्या जात, ही १९९९ च्या एका पुस्तकानें पसरविलेली कथा तर इतिहासकारांनीं अमान्य केली आहे. आमच्या मतें यांत एक दुखरी गोष्ट आहे. आज सर्वांचे पूर्वज आसरा देणारे निघतात. धरून देणाऱ्यांचे वंशज कोठें गेले, तें कळत नाहीं. सिन्सिनाटीच्या संग्रहालयांत केंटकींतून आणलेली लांकडी ओंडक्यांची एक दुमजली कोठडी आहे. गुलामांचा एक व्यापारी विक्रीपूर्वीं माणसें तींत कोंडून ठेवी. पुढें तिच्याभोंवतीं तंबाखूचें कोठार बांधलें गेलें आणि कोठाराच्या पोटांत ती दीडशें वर्षें कोणाच्या लक्षांत न येतां टिकली. त्या कोठडींत आम्ही पांच मिनिटांहून अधिक उभे राहूं शकलों नाहीं.

या लढ्याची वार्ता आपल्या पुण्यासही पोंचली होती. जोतिराव फुले यांनीं १८७३ मध्यें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें व तें अमेरिकेंतील गुलामांस मुक्त करणाऱ्या सत्पुरुषांस अर्पण केलें. तें पुस्तक आमच्या लहानपणीं आमच्यासारख्यांच्या घरांत उघड्यावर ठेवीत नसत. त्यांतला ठपका कोणावर होता, हें घरच्या वडिलांस नीट समजलें होतें, म्हणूनच. नाशिकजवळच्या शरणपुरासही याच काळीं अरबी समुद्रांतील गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेलीं आफ्रिकन मुलें आणून ठेवीत. त्यांतलाच जेकब वेनराइट हा पुढें लिव्हिंग्स्टनचें प्रेत आफ्रिकेच्या अंतर्भागांतून समुद्रापर्यंत आणणाऱ्या मंडळींत होता. नाशिककरांपैकीं किती जणांस ही गोष्ट ठाऊक आहे?

आतां शेवटचें ठाणें. कानडाच्या ऑंटॅरिओ प्रांतांत, डेट्रॉइटपासून फार दूर नाहीं, बक्सटन नांवाची वसाहत आहे. विल्यम किंग या पाद्र्याच्या वांट्यास सासऱ्याकडून गुलाम आले होते. त्यांस मुक्त करून, त्या पंधरा जणांना बरोबर घेऊन त्यानें १८४९ मध्यें ती वसविली. नऊ हजार एकर जमीन. प्रत्येक कुटुंबास पन्नास एकर, अडीच डॉलर एकरीं, दहा वर्षांच्या हप्त्यांनीं. फुकट कांहींच नाहीं. घर अमुक लांबी-रुंदीहून लहान नसावें, रस्त्यापासून तेहतीस फूट आंत असावें, पुढें कुंपण व बाग असावी, असे कडक नियम होते. शेजारच्या गोऱ्यांनीं प्रथम वसाहतीविरुद्ध मोठा गवगवा केला. परंतु किंगनें जी शाळा काढली तींत लॅटिन व ग्रीकही शिकवीत, आणि ती आसपासच्या सरकारी शाळेहून इतकी सरस ठरली कीं त्याच गोऱ्यांनीं मुकाट्यानें आपलीं मुलें तींत घातलीं. भाषेच्या प्राध्यापकीस आजकाल कोणी विचारीत नाहीं अशी तक्रार करणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंनीं हें उदाहरण जपून ठेवावें.

त्या शाळेंतून अँडरसन ॲबट हा विद्यार्थी निघाला. १८६१ मध्यें तो कानडांतील पहिला कृष्णवर्णी परवानाधारक डॉक्टर झाला. जेम्स रेपियर हा अलाबामांतील मुक्त घराण्यांतला मुलगा येथें शिकण्यासाठीं धाडला होता. ज्या १८७३ सालीं पुण्यास ‘गुलामगिरी’ छापली त्याच सालीं तो अलाबामाचा प्रतिनिधि म्हणून वॉशिंग्टनच्या काँग्रेसमध्यें जाऊन बसला. वसाहतीस पिट्सबर्गच्या कृष्णवर्णी लोकांनीं १८५० मध्यें एक घंटा भेट पाठविली होती, ती अद्याप देवळाच्या मनोऱ्यांत आहे. १८६१ सालची एक शाळागृहाची इमारतही उभी आहे. दरवर्षीं सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारास धरून जो मेळावा भरतो त्यास अमेरिकेंत परत गेलेल्या कुटुंबांचे वंशज गाड्या भरभरून येतात. १९२४ पासून हा क्रम चालू आहे.